मुळाशीच अडायला हवं होतं: ड्युरम गव्हातल्या एका निकामी जनुकाचं प्रकरण

एकाच वाफ्यात शेजारीशेजारी पेरलेल्या ड्युरम गव्हाच्या दोन ओळी डोळ्यांसमोर आणा. उंची सारखी, ओंबी सारखी, कुसळं सारखी. दाणे हातात घेतले तरी फरक लागत नाही. माती एक, पाऊस एक, खतही एकच. पण दाणे दळून प्रयोगशाळेत दिले की एका ओळीच्या पिठात कॅडमियम हा विषारी धातू दुसरीच्या साधारण दुप्पट निघतो.

कॅनडातल्या गहू पैदासकारांनी १९९०च्या दशकात अशा जुळ्या ओळींच्या पाच जोड्या मुद्दाम तयार केल्या. वारंवार संकर आणि निवड करून प्रत्येक जोडीतल्या दोन्ही ओळी जवळपास सगळ्या गुणांत एकसारख्या करत आणल्या, फरक ठेवला तो एवढाच, कॅडमियमचा. या पाच जोड्यांपासून सुरू झालेला शोध २०१९ साली एका जनुकापाशी येऊन थांबला. जुन्या आणि नव्या वाणांमधली आनुवंशिक विविधता कमी झाली म्हणजे नेमकं काय झालं, हे समजून घ्यायला मला याहून चांगलं उदाहरण माहीत नाही. विविधता घटली की चव जाते, काटकपणा जातो, असं आपण ऐकत आलो आहोत. इथे एक चांगली गोष्ट हरवली, तिच्या जागी बिघडलेली गोष्ट घराघरात पोचली, आणि कित्येक दशकं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

हा गहू कोणता

आपण पोळीसाठी दळतो तो बहुतेक गहू वेगळा. त्यात गुणसूत्रांचे तीन संच असतात, एकूण ४२ गुणसूत्रं. ड्युरममध्ये दोनच संच, एकूण २८. दाणा कडक, काचेसारखा, आतून पिवळसर. त्याचं पीठ करण्यापेक्षा रवा काढणं सोपं. महाराष्ट्रात ज्याला बन्सी म्हणतात तो ड्युरमच, आणि सांगली, साताऱ्याकडे खिरीसाठी राखून ठेवतात तो खपली गहू त्याचा जवळचा भाऊबंद. खपलीतही तेच दोन संच, फक्त दाणा टरफलात घट्ट बसलेला, मळून सहज न सुटणारा. गव्हाची माणसाने शेतात आणलेली जी सगळ्यांत जुनी रूपं आहेत त्यांत या टरफलाच्या गव्हाचा, म्हणजे एमरचा, समावेश होतो. त्याचा रानटी पूर्वज पश्चिम आशियाच्या डोंगरउतारांवर आजही उगवतो. १९०६ साली आरोन आरोनसन या वनस्पतिशास्त्रज्ञाला तो गॅलिलीत रोश पिना गावाजवळ उभा दिसला होता.

रानटी एमर, मग शेतातला एमर, मग मळणीत मोकळा होणारा ड्युरम, मग गेल्या शंभर वर्षांतली पैदास केलेली वाणं, असा हा प्रवास सुमारे दहा हजार वर्षांचा. प्रत्येक टप्प्यावर माणसाने मूठभर झाडांचं बी पुढे नेलं आणि बाकीचं मागे राहिलं. २००७ साली फ्रेंच संशोधकांनी निवडक जनुकांची डीएनएमधली रासायनिक अक्षरं वाचून पाहिली. रानटी पूर्वजात असलेली विविधता ड्युरमपर्यंत येता येता ८४ टक्क्यांनी घटली होती. पोळीच्या गव्हात ही घट ६९ टक्के होती. शंभर वेगवेगळ्या चाव्यांच्या जुडग्यातून सोळाच चाव्या हातात राहाव्यात, तसं हे.

गोतावळा कसा आक्रसला

यातली बरीचशी घट प्राचीन आहे, तिचा दोष आधुनिक पैदासकारांवर टाकणं अन्यायाचं होईल. पण विसाव्या शतकाने तिला स्वतःचं वळण दिलं. इटलीची गोष्ट याबाबत बोलकी आहे.

नाझारेनो स्ट्राम्पेल्ली हा रिएती गावी काम करणारा पैदासकार. त्याने उत्तर आफ्रिकेतून आलेल्या 'जेना रेतिफा' या स्थानिक ड्युरममधून एक वंश निवडला आणि १९१५च्या सुमारास तो वाण म्हणून दिला. शेतीसुधारणांना पाठबळ देणाऱ्या एका सिनेटरच्या नावावरून त्याचं नाव पडलं 'सेनातोरे कापेल्ली'. झाड पुरुषभर उंच, दाणा उत्कृष्ट. दक्षिण इटलीत हे वाण इतकं पसरलं की काही दशकं देशातल्या ड्युरमच्या निम्म्याहून अधिक क्षेत्रावर तेच होतं. एका स्थानिक वाणातून निवडलेला एकच वंश आणि त्याने व्यापलेला जवळजवळ अख्खा दक्षिण! त्याआधी सिसिली, पुलिया, सार्डिनियातल्या प्रत्येक खोऱ्यात स्वतःचं बी होतं, आणि एका शेतातल्या दोन ओंब्यासुद्धा एकसारख्या नसायच्या.

कापेल्लीची अडचण उंचीची होती. नत्राचं खत वाढवलं की पीक लोळायचं. म्हणून पुढची पिढी बुटकी झाली. रोमजवळच्या कासाच्चा इथल्या अणुसंशोधन केंद्रात कापेल्लीवर किरणोत्सर्ग करून मिळवलेल्या एका वंशाचा मेक्सिकोतल्या बुटक्या गव्हाशी संकर झाला आणि त्यातून १९७४ साली 'क्रेझो' हे वाण आलं. त्याचा बुटकेपणा जपानी 'नोरिन १०' या गव्हाच्या जनुकातून आलेला. क्रेझोने उत्पादन वाढवलं आणि ते खरंच वाढलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९६७च्या इटालियन कायद्याने सुकी पास्ता फक्त ड्युरमच्या रव्याची असावी असं ठरवल्यामुळे मागणीही भक्कम होती. पण त्यानंतर आलेल्या कित्येक वाणांच्या वंशावळी पाहिल्या की तीच तीच नावं पुन्हा भेटतात: कापेल्ली, क्रेझो, मेक्सिकोहून आलेले बुटके वंश. अशा आक्रसलेल्या गोतावळ्यात एखाद्या आजोबांमध्ये काही खोट असेल तर ती साऱ्या नातवंडांत जाते. पैदासकाराचे डोळे ओंबीवर, उंचीवर, रोगावर आणि रव्याच्या पिवळेपणावर असतात. जे डोळ्यांना दिसत नाही ते तो निवडतही नाही आणि टाकतही नाही, ते फक्त सोबत येतं.

कॅनडाची चिंता

कॅनडा हा ड्युरमचा जगातला सर्वांत मोठा निर्यातदार, आणि त्यातलं बहुतेक पीक सस्कॅचवान प्रांतातलं. तिथल्या काही माती ज्या खडकांपासून बनल्या त्यांत निसर्गतःच थोडं कॅडमियम आहे. फॉस्फेटच्या खनिजातही ते असतं, त्यामुळे खतावाटे थोडी भर पडते. ड्युरमची सवय अशी की पोळीच्या गव्हापेक्षा तो हा धातू दाण्यात अधिक साठवतो.

कॅडमियम शरीरात गेलं की मूत्रपिंडात साठतं आणि निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात. जपानमध्ये जिन्झू नदीकाठी खाणीच्या सांडपाण्यावर पिकलेला भात वर्षानुवर्षं खाल्लेल्या लोकांची, विशेषतः वयस्क बायकांची, हाडं ठिसूळ होऊन मोडत. वेदनेने त्या 'इताई इताई', म्हणजे 'दुखतंय, दुखतंय' असं विव्हळत, आणि रोगाला तेच नाव मिळालं. ड्युरमच्या दाण्यातलं प्रमाण त्या प्रदूषित भाताच्या तुलनेत फार कमी, आणि भीती घालण्यासाठी मी हे सांगत नाही. पण रोजच्या ताटातल्या धान्याबाबत अल्प प्रमाणही मोजावं लागतं.

आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनी गव्हासाठी मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम ठेवली. युरोपीय संघाने २०२१ साली ड्युरमसाठी ती ०.१८ केली आणि इतर गव्हासाठी ०.१०. हे आकडे रोजच्या जेवणात उतरवून बघू. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २००९ साली ठरवलेलं सहनीय प्रमाण आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे २.५ मायक्रोग्रॅम. साठ किलोच्या माणसाला ते दिवसाला साधारण २१ मायक्रोग्रॅम होतं. ०.२ मर्यादेच्या गव्हाचा शंभर ग्रॅम रवा, दाण्यातलं सगळं रव्यात उतरलं असं धरलं, तर २० मायक्रोग्रॅम देतो. मग भाजी, भात आणि बाकी सगळ्यासाठी जागाच उरत नाही. कॅडमियम निम्म्यावर आणणं म्हणजे ही जागा परत मिळवणं. माझ्या मते या प्रकरणाचं महत्त्व समजायला हा एक हिशोब पुरेसा आहे.

निर्यातीचं गणितही सोबत होतं. मर्यादा थोडी खाली आली की अख्खी खेप नाकारली जाणार. सस्कॅचवानच्या स्विफ्ट करंट इथल्या सरकारी संशोधन केंद्रातल्या जॉन क्लार्क यांच्या गटाने म्हणून वाणांकडे पाहायचं ठरवलं. माती बदलता येत नाही, बी बदलता येतं.

मुळांत काय घडत होतं

वाणांची तुलना सुरू झाली तेव्हा पहिलीच गोष्ट आश्वासक होती. सगळे ड्युरम सारखे नव्हते. काही मोजक्या वाणांत कॅडमियम कमी होतं, आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या संकरांच्या नोंदींवरून दिसलं की हा कमी-जास्तपणा मुख्यतः एकाच जनुकाने ठरतो. शिवाय कमीपणा प्रभावी होता, म्हणजे आई-बाप यांपैकी एकाकडून ते रूप आलं तरी पुरत असे. ही खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, पुढे ती कामी येते.

दुसरी खूण अल्बर्टा विद्यापीठात ग्रेगरी टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना मिळाली. त्यांनी जुळ्या ओळी पोषक द्रावणात वाढवून कॅडमियमचा माग काढला. अपेक्षा अशी की जास्त साठवणारी ओळ मुळांवाटे जास्त ओढत असेल. तसं निघालं नाही. दोन्ही ओळींची मुळं जवळपास सारखंच ओढत होती. कमी साठवणारी ओळ ते मुळांतच धरून ठेवत होती, दुसरी ते वर खोडात, पानांत आणि अखेर दाण्यात जाऊ देत होती. प्रश्न तोंडाचा नव्हता, कोठीचा होता.

मग गुणसूत्रावरचा पत्ता शोधणं. क्लार्क यांच्या वर्तुळातल्या संशोधकांनी २००९ आणि २०१०मध्ये त्या जनुकाची जागा ५बी गुणसूत्राच्या लांब भुजेवर आणली आणि मग आणखी अरुंद केली. पण या भागात अनेक जनुकं पसरलेली, गव्हाचा जीनोम, म्हणजे त्याचा सगळा आनुवंशिक मजकूर, प्रचंड आणि पुनरावृत्तींनी भरलेला. संपूर्ण वाचन हाती असल्याशिवाय पुढे जाणं म्हणजे पत्ता माहीत असूनही नकाशाविना गल्लीत फिरणं.

तो नकाशा २०१९मध्ये आला. बोलोन्या विद्यापीठातले मार्को माकाफेर्री, इटलीच्या कृषी संशोधन संस्थेतले लुईजी कात्तिवेल्ली, सस्कॅचवान विद्यापीठातले कर्टिस पोझ्नियाक आणि अनेक देशांतल्या साथीदारांनी 'स्वेवो' या इटालियन ड्युरमचा जीनोम वाचून 'नेचर जेनेटिक्स'मध्ये प्रसिद्ध केला. लांबी १०.४५ अब्ज अक्षरं, माणसाच्या जीनोमच्या तिपटीहून अधिक. त्यातच कॅडमियमचं कोडंही सुटलं.

दोषी जनुकाचं नाव टीडीएचएमए३-बी१. ते मुळांच्या पेशीतल्या रिक्तिकेच्या, म्हणजे पेशीच्या अडगळीच्या खोलीच्या, भिंतीत बसणारा एक पंप तयार करतं. पंपाचं काम कॅडमियम आत ढकलून बंद करणं. जास्त साठवणाऱ्या वाणांत या जनुकात १७ अक्षरांचा एक तुकडा दोनदा आला आहे. सतराला तीनने भाग जात नाही, आणि जनुक तीन-तीन अक्षरांनी वाचलं जातं, त्यामुळे तुकड्यानंतरचं सगळं वाचन सरकतं, थांब्याची खूण मध्येच येते आणि प्रथिन अर्धवटच राहतं. पंप बसत नाही. कॅडमियम अडत नाही आणि रसाबरोबर वर चढतं. कमीपणा प्रभावी का होता, याचंही उत्तर इथे मिळतं: एक प्रत शाबूत असली की पंप चालतो.

१,८५६ नमुन्यांनी सांगितलेलं

माझ्या मते या अभ्यासाचा सर्वांत मोलाचा भाग इथे सुरू होतो. संशोधकांनी चार प्रकारांतले, म्हणजे रानटी एमर, शेतातला एमर, ड्युरमची स्थानिक वाणं आणि आधुनिक ड्युरम यांतले १,८५६ नमुने एकत्र पाहिले. रानटी एमरमध्ये बिघडलेलं रूप एकाही नमुन्यात सापडलं नाही. तिथे पंप शाबूत. शेतातल्या एमरपासून आधुनिक ड्युरमपर्यंत येता येता बिघडलेल्या रूपाचं प्रमाण वाढत गेलं आणि आधुनिक वाणांत ते सर्रास झालं. जीनोमच्या इतर भागांतही, विशेषतः गुणसूत्रांच्या मध्यभागाजवळ, विविधता मोठ्या प्रमाणात गमावल्याच्या खुणा होत्या.

का वाढलं ते? बिघडलेल्या रूपाचा पिकाला काही फायदा दिसत नाही. कॅनडात जुळ्या ओळी तुलनेला घेतल्या तेव्हा उत्पादन आणि दाण्याची प्रत यांत कॅडमियमच्या फरकाने काही बिघडत किंवा सुधारत नव्हतं. म्हणजे कुणी हे रूप निवडलं असणं मला शक्य वाटत नाही. काही मोजक्या पूर्वजांत ते होतं, त्यांची संतती बुटकेपणासाठी, रोगप्रतिकारासाठी, पिवळ्या रव्यासाठी निवडली गेली आणि हे त्यांच्यासोबत पसरलं. विविधता कमी झाली की जनुकांचं नशीबच असं सरसकट ठरतं.

इथे 'जुनं ते सोनं' म्हणायचा मोह होतो. तो आवरायला हवा. स्थानिक वाणांतही बिघडलेलं रूप काही प्रमाणात होतंच, फक्त सगळीकडे नव्हतं. त्यांच्या समूहात दोन्ही रूपं शेजारीशेजारी जगत होती, आणि म्हणून शाबूत रूप हरवलं नाही. उत्पादनात, लोळण्यात ती वाणं नव्यांच्या जवळपासही नव्हती. तरीसुद्धा जनुकपेढ्यांच्या थंड खोल्यांत ठेवलेली त्यांच्या बियांची पाकिटं नसती, तर परत जायला जागाच उरली नसती.

खपलीचीही एक पाळी

मराठी वाचकाला आपलं वाटावं असं काही या गोतावळ्यात आहे, त्याचा उल्लेख करायलाच हवा. अमेरिकेतल्या मिनेसोटात स्टॅकमन आणि लेव्हिन यांनी १९२०च्या दशकात काळा तांबेरा या बुरशीरोगाचे वंश ओळखण्यासाठी बारा गव्हांचा एक संच ठरवला. कुठला वंश कुठल्या गव्हावर चढतो यावरून त्याची ओळख. त्या बारांत शेवटचं नाव 'खपली' होतं, आपल्याच दख्खनच्या टरफलाच्या गव्हाचं. तांबेरा तिच्यावर सहसा चढत नसे. पुढे कळलं की तिच्यात एसआर१३ नावाचं एक प्रतिकार जनुक आहे, जे इथिओपियाच्या काही ड्युरममध्येही आहे. १९९९च्या सुमारास युगांडात यूजी९९ हा भयानक वंश सापडला आणि जगभरातल्या गव्हाचं संरक्षण ढासळायला लागलं, तेव्हाही ड्युरममध्ये एसआर१३ कामाला येत होतं. २०१७ साली कॅलिफोर्नियात ते नेमकं वेगळं करून ओळखलं गेलं. इथिओपियात आता असे वंश आहेत ज्यांच्यापुढे तेही पुरत नाही, म्हणून त्याच्या जोडीला दुसरं जनुक हवं, आणि ते शोधायला पुन्हा याच जुन्या वाणांकडे जावं लागतं.

पण मूळ प्रकरणाकडे वळू. खपलीचं उदाहरण मी दिलं ते एवढ्यासाठी की कॅडमियमची गोष्ट एकटी नाही. दोन्ही ठिकाणी उत्तर जुन्या, खेड्यापाड्यात वाढलेल्या गव्हात होतं. फरक असा की तांबेऱ्याचा धोका डोळ्यांना दिसतो, पिकाचं खोड काळं पडतं आणि शेतकरी ओरडतो. कॅडमियमच्या वेळी कुणी ओरडलं नाही.

आता शेतात काय आहे

कॅनडाने जीनोमची वाट पाहिली नाही. कमी कॅडमियमच्या वंशांशी संकर करत 'स्ट्राँगफिल्ड' हे वाण २००४ साली नोंदलं गेलं. कमी कॅडमियमसोबत चांगलं उत्पादन असल्यामुळे थोड्याच वर्षांत ते तिथे सर्वाधिक पेरल्या जाणाऱ्या ड्युरमपैकी एक झालं. नव्या वाणांच्या नोंदणीत कमी कॅडमियम हा तिथे निवडीचा निकष बनला. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. शेतकऱ्याला नवं बी घेताना कॅडमियमसाठी काही वेगळं करावं लागलं नाही. त्याला फक्त एक चांगलं वाण मिळालं, आणि शाबूत पंप त्यातच होता.

जनुक कळल्यानंतर काम आणखी सोपं झालं. आधी दाणे पिकून येईपर्यंत थांबावं लागे, ते दळून महागड्या यंत्रावर धातू मोजावा लागे. आता रोपाच्या पानाचा बोटभर तुकडा घेऊन १७ अक्षरांची ती जादा प्रत आहे की नाही ते पाहता येतं. हजारो रोपांपैकी कोणती पुढे न्यायची हे पहिल्या काही आठवड्यांतच ठरतं.

आणि जिथे बिघडलेलं रूप अजून सर्रास आहे अशा देशांचे पैदासकार आता आपल्या संकराच्या यादीत पहिला प्रश्न हा विचारू शकतात, की जोडीतला किमान एक पालक शाबूत पंपाचा आहे का. नसला, तर स्थानिक वाणांची किंवा एमरची पाकिटं उघडायची, त्यांतल्या उंच, लोळणाऱ्या, उत्पादनात मागे असलेल्या झाडांशी संकर करायचा आणि मग पिढ्यान्‌पिढ्या बाकी सगळं परत आजच्या वाणासारखं करत आणायचं. सात-आठ वर्षांचं काम. स्विफ्ट करंटच्या गटाने ते कासवगतीने, एकेक जुळी ओळ जपत केलं होतं, आणि त्या पाच जोड्यांमुळेच हे सगळं दिसलं.